हाक कुणाची

"आवं," घाटावरून एका बाईनं हाक मारली आणि बोटीतल्या तीन पुरुषांनी एकदम माना वळवल्या. पाण्याची बाटली घाटावर एकाचीच राहिली होती. बाकीचे दोघं उगीच आभाळाकडं बघायला लागले आणि सगळी बोट हसली.

अंजना हसली नाही. त्या दोघांतला एक इंजिनापाशी उभा असलेला बोटवाला, गुंडा होता, हे तिनं बघितलं होतं.

गुंडा तिच्याच गावचा, पलूसकडचा. पूर ओसरल्यावर त्यानं गाव सोडलं आणि सांगलीत येऊन ही बोट धरली. घाट, पूल, वळसा आणि परत घाट, अशी वीस मिनिटांची फेरी. एवढ्या वर्षांत तो एकदाही तिच्यासमोर आला नव्हता. मघाशी तिला नारिंगी जॅकेट देताना त्याचा हात थबकला. "वैनी," एवढंच म्हणाला. ती मागच्या फळीवर, त्याच्या शेजारीच जाऊन बसली.

बोट निघाली, तसं गुंडाचं पाठ केलेलं बोलणं सुरू झालं. "म्होरं बघा, पावनं. खांबावर पान्याचं आकडं दिसत्यात का? पुरात ते समदं बुडालं हुतं." लोकांनी मोबाइल वर केले. पूर बघायला माणसं फार लांबून येतात, तो ओसरल्यावर.

अंजनाला आकडे दिसत नव्हते. तिला दिसत होती शाळेची गच्ची.

ऑगस्टमधली ती दुपार. रबरी बोटीत बायका-पोरं दाटीवाटीनं बसलेली, गच्चीवर चार पुरुष राहिलेले, त्यांत तिचा नवराही. बोटीवरचा जवान म्हणाला, अजून एकच बसेल, लवकर करा. अंजनानं जीव एकवटून हाक मारली, "आवं!" चौघंही वळले. तिच्या गावात नवऱ्याला दुसरं म्हणतात तरी काय? "नाव घ्या बाई, नाव!" जवान ओरडला. तिनं तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात ते नाव तिनं फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांनी दार अडवून धरल्यावर. मोबाइलमध्येसुद्धा तो 'प्रांजलचे पप्पा' होता. नाव जिभेवर आलंच नाही. तेवढ्यात गच्चीवरून बोटीत आला तो गुंडा. त्याची बायको दीपमाला त्याच बोटीत होती, तान्ह्याला छातीशी धरून.

बोट दुसऱ्या खेपेला गेली, तेव्हा गच्ची नव्हती. तिघांतले दोघं झाडाला धरून वाचले. तिसरा तिसऱ्या दिवशी सापडला.

तेव्हापासून एसटीत, बाजारात, कुठंही 'आवं' कानावर आलं की अंजनाला ते चार चेहरे वळलेले दिसायचे. तीन चेहऱ्यांवर भीती असायची. चौथा नुसता तिच्या तोंडाकडं बघत उभा असायचा, नाव कधी घेते म्हणून.

मग तिनं ते नाव शिकून घेतलं. घरात कुणी नसताना, नळ सोडून, भांडी घासता घासता. आधी ओठांत, मग घशातून. आता येत होतं.

पुलाखाली गुंडानं इंजिन बंद केलं. फोटोसाठी सगळे पुढं गेले. मागं ती दोघंच उरली, आणि बोटीच्या बुडाला लागणारं पाणी.

"मी त्येंचं नाव घ्याय आलीया," अंजना म्हणाली. "हितं, पान्यावर. तवा घेतलं असतं तर तुमी वळला नसता, भावजी. त्येच आलं असतं."

गुंडानं हातातली दोरी उगीच गुंडाळली, पुन्हा सोडली.

"दीपमालाचा तवा आवाजच फुटत नव्हता, वैनी," तो म्हणाला. "हाक तुमची हुती. मला ठावं हुतं."

अंजनानं वळून त्याच्याकडं बघितलं.

"मी वळलो, पर जाग्यावनं हाललो न्हाई. तुमचा हरिबादाच म्होरं झाला. एक पाय कठड्यावर टाकलावता त्यानं. मग खाली बघितलं. दीपमालाकडं, पोराकडं. पाय माघारी घेतला." गुंडाचा हात आपल्याच खांद्यावर गेला. "माज्या पाठीवर थाप मारली आन् हसला. म्हनला, 'तुजी बोलवतीया रं गुंडा. जा.'"

"आन् तुमी?"

"गेलो. ठावं असून गेलो. आजबी कुनी 'आवं' म्हनलं की मान वळती बगा. दीपमाला म्हनती, दुसऱ्याच्या बायकांकडं काय बघतायसा."

पुढं कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना हसायला सांगितलं.

अंजनानं पाण्याकडं बघितलं. गढूळ, संथ, पुलाच्या सावलीत जवळजवळ काळं. तिनं तोंड उघडलं. शिकलेलं नाव घशापर्यंत आलं होतं, अगदी नीट. ते तिनं गिळून टाकलं. ज्याला हाकेवरनं कळत होतं, त्याला नाव कशाला.

ती कठड्यावर वाकली.

"आवं," तिनं हाक मारली. स्वयंपाक झाल्यावर मारायची तशी.

पुढच्या बाजूला दोन पुरुषांनी माना वळवल्या. गुंडानं वळवली नाही.