चादरीचं दुसरं टोक

फुटबॉल शिकवणाऱ्या बाई गेल्या त्या सकाळी मुली मैदानावर त्यांचीच वाट बघत होत्या. त्यांचा नवरा, सुतार, दवाखान्यातून घरी न जाता थेट तिथे आला. त्याच्या बायकोने सरावाला कधी खाडा केला नव्हता. कुणी सांगितलं नसतं तर पोरी उन्हात तशाच उभ्या राहिल्या असत्या.

"बाई आता येणार नाहीत," एवढंच त्याला बोलता आलं.

कप्तान पोरीला सगळे टाचणी म्हणत. ती म्हणाली, "मग रविवारचं काय, काका?" आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

रविवारी राष्ट्रीय संघाची निवड समिती यायची होती, पंधरा वर्षांखालच्या मुलींचा सामना बघायला. त्या दिवशी क्लबच्या सचिवांनी सुताराला फाटकातच गाठलं. "मुलींच्या बाकावर एक तरी बाई लागते. नियमच आहे. नसेल तर सामना सोडला असं धरणार, आणि पुढच्या वर्षी संघच राहणार नाही."

"गोलकीपरची आई येतेय. बस डेपोत लावून."

कंडक्टरबाई खाकी गणवेशातच धापा टाकत आली. सचिवांनी तिला खालीवर न्याहाळलं. "तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"नियमात बाई पाहिजे असं आहे, साहेब. कळणारं माणूस पाहिजे असं असतं, तर तुमच्या क्लबच्या समितीच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या."

मुलींच्या खोलीला नुसती चौकट होती. दार मोडलं त्याला वर्षं झाली. आधी संघ टिकू दे, मग दार, असं सचिवांचं म्हणणं. चौकटीला खिळा मारायचीही बंदी. म्हणून कपडे बदलताना चादरीचं एक टोक बाई धरायच्या, दुसरं टाचणी. टाचणीची बदलायची वेळ सगळ्यात शेवटी यायची. अंग मोकळं न करताच ती खेळायला उतरायची.

आज टाचणी आपलं टोक धरून उभी होती. दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं. ते उचलायला कुणी पुढे होईना.

सुताराने पिशवीतून हातोडी काढली, खिळे दातात धरले आणि चादर चौकटीला ठोकायला लागला.

"अहो, हे कुणाला विचारून?" सचिव ओरडले.

त्याच्या तोंडात खिळे होते. टाचणीच म्हणाली, "बाईंना."



"आता तू आधी बदल," सुतार तिला म्हणाला. पहिल्यांदाच टाचणी सगळ्यांच्या आधी मैदानावर आली. रिकाम्या मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या त्या एकट्या पोरीकडे निवड समितीने माना वळवल्या.

सामन्यात पोरी घाबरून आपल्याच गोलपाशी गोळा झाल्या, तेव्हा बाकावरून आवाज आला, "पुढे सरका! दारात गर्दी करू नका!" पंचांनाही हसू आवरेना. पण पोरी सरकल्या.

एका गोलने हरल्या. राष्ट्रीय शिबिरासाठी दोन नावं पुकारली गेली, त्यातलं एक टाचणीचं.

मैदान रिकामं झालं तेव्हा सुतार चौकटीचं माप घेत होता. टेपचं वरचं टोक सारखं निसटत होतं. सचिवांनी पुढे येऊन ते टोक धरलं.

मुलींना शिकवायला नवीन बाई अजून मिळालेली नाही. दारही अजून करायचं आहे.