मुशीची पिशवी

आजोबांनी गल्लीतल्या पोरांपुढं दोन ताटं मांडली. किनाऱ्यालगतच्या छोट्या शार्कांची, म्हणजे मुशींची चित्रं लावायची होती: पिल्लं देणाऱ्या इकडं, अंडी घालणाऱ्या तिकडं. शेवटी त्यांनी मालवणला सापडलेली अंड्याची वाळकी पिशवी दाखवली. “पिल्लू ह्यात एकटंच वाढतं. आई निघून जाते.” “क्रांतीच्या आईगत की!” राजवीर खिदळला. क्रांतीची आई, आजोबांची लेक, कुवेतला नर्स होती. क्रांतीनं विचारलं, “मुशी परत येती व्हय?” खोटं शिकवणं आजोबांना जमेना. “नाही, बाळा. पण पिशवी वाहून जाऊ नये म्हणून ती शेवाळाला गुंतवून जाते.” क्रांतीनं केसांतली, आईनं पाठवलेली रिबीन सोडली आणि पिशवी खिडकीच्या गजाला बांधली. “कोल्हापुरात कुठं समुद्र हाय?” राजवीर हसला. “वारं हाय की,” क्रांती म्हणाली. पोरं गेल्यावर आजोबांनी सैल गाठ आवळली आणि बराच वेळ तिच्यावरचा हात काढला नाही.