पाटीवरचं नाव

माझा प्रफुल कुरखेड्यात नगरसेवक आहे. वार्डाचा निधी आला तसा म्हणाला, "माय, रस्त्यावर कमान बांधतो. वर मोठ्या अक्षरात माझं नाव!"

मी म्हटलं, "कमानीखालून बकऱ्याबी जातात. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाईत, कारण जायाले जागा नाई. त्यायच्यासाठी संडास बांध."

"अन् संडासावर माझं नाव लिहू काय?"

"लाज वाटत असन तर माझं लिही. तुझं ढुंगण धुतानी लाजली नाई, आता काय लाजू!"

संडास झाला. पाटी लागली: 'वच्छलाबाई महिला प्रसाधनगृह'.

आता बाजारात भाजीवाली शेजारणीले म्हणते, "बाई, माझी टोपली पाहजो. मी जरा वच्छलाबाईकडे जाऊन येतो."