आईच्या जिभेसाठी

टोमॅटो सूपचं पाकीट मुलीने पातेल्यात रिकामं केलं. काल मक्याचं झालं होतं. चिमूटभर साखर घातली, तळहातावर थेंब घेऊन चाखलं, मग थोडं लिंबू पिळलं.

"ताई, एवढा कुटाणा कशाला?" आईसाठी येणारी नर्स म्हणाली. "पाणी घालून उकळलं की झालं."

"आईची जीभ तुम्हाला ठाऊक नाही. नावं ठेवायला लागली की करणाऱ्याला पळता भुई थोडी होते."

नर्सने सूप दोनदा गाळलं, कोमट होऊ दिलं, मोठ्या सिरिंजमध्ये भरलं आणि आईच्या नाकातल्या नळीतून हळूहळू सोडायला लागली.

उशाशी वाकून मुलीने विचारलं, "आंबट तर नाही ना झालं गं?"