पुसलेली मुलगी

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या सुहास कोलतेने शर्वरीच्या मुलाला, निनादला चिरडलं होतं. गुन्हेगाराच्या आठवणीतून एक माणूस कायमचा पुसून टाकायचा हक्क कायद्याने आता मृताच्या आईला दिला होता. शर्वरीने सुहासची मुलगी निवडली.

"लेकरू गेलं की काय होतं, ते कळू दे त्याला," ती डॉक्टरांना म्हणाली होती. ते डोळ्यांनी बघायला ती आज मुद्दाम दवाखान्यात आली होती.

दार उघडलं. पोलिसासोबत सुहास बाहेर आला. लांब फाटकापाशी थांबलेल्या आजीचा हात सोडून छोटी ईरा धावली आणि त्याच्या पायांना बिलगली.

"बाबा, घरी चला ना."

तो गोंधळला, मग हसून खाली वाकला. "कुणाची गं तू? हरवलीस का?"

ईरा रडायला लागली. शर्वरी त्याच्या चेहऱ्यावर दुःख शोधत राहिली. तिथे ते कुठेच नव्हतं.

"हे परत फिरवता येईल का?" तिने शेजारी उभ्या डॉक्टरांना विचारलं.

"नाही."

सुहास ईराचा हात धरून शर्वरीपाशी आला. "ताई, तुमची आहे का ही? बघा ना, किती रडतेय."

"माझी नाही," शर्वरी म्हणाली. "पण माझ्यामुळेच रडतेय."