जिन्यातलं स्टूल

हंगामाच्या पहिल्याच सामन्यावेळी काटेल्लो कचरा टाकायला गेला आणि नेपल्सच्या संघानं गोल केला. तेव्हापासून मेहुण्यानं त्याला टीव्हीसमोर बसूच दिलं नाही. ‘दाजी, तुमचा पायगुण घराबाहेरच चांगला,’ म्हणत तो दर सामन्याला जिन्यात स्टूल मांडायचा. बायको आतून कडी घालायची. वर्षभराचे गोल काटेल्लोनं दाराला कान लावून ऐकले. आज शेवटचा सामना. जिंकलो तर लीग आपली. आत एकदा जल्लोष झाला, मग शांतता पसरली; त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीत फटाके फुटले, दार उघडलं. ‘जिंकलो रे,’ म्हणत बायकोनं त्याला स्टुलासकट आत ओढलं. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पडद्यावर विजयी गोल पुन्हा दाखवायला लागले. पेनल्टीसाठी चेंडू ठेवलेला दिसताच काटेल्लो स्टूल उचलून दाराकडे निघाला. बायकोनं सदरा धरला. ‘बस आता, हा चुकणार नाही.’