लोखंड लागलेलं पोट

शालिग्रामने संमतिपत्र न वाचताच परत सरकवले. "नाना, मले नही कापून घेनं. दोन वर्सांमांगे पोटाले डॉक्टरच्या सुरीचं लोखंड लागलं, म्हनून तं हा रोग पोटभर पसरला. सारं यावल हेच म्हनतं."

जळगावच्या सर्जननी थोरल्या भावाकडे, पितांबरनानांकडे पाहिले. आतड्याचा कर्करोग आता वपेवर, म्हणजे आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर, उतरला होता. "गाठी अजून एका बाजूलाच आहेत, काढता येतील. समूळ बरा होईल, असं मी म्हणत नाही. पण थांबलो, तर महिनाभरात आतडं बंद पडेल." एवढे सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले.

शालिग्रामच्या पत्नीने, सुनंदाबाईंनी, पदर पुढे ओढला. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलण्याची रीत नव्हती; त्या खिडकीला उद्देशून बोलल्या, "चिरा म्हना पुन्हा. मागल्या खेपेले काही कापाचं राह्यलं असीन."

ब्याण्णव साली शालिग्रामला धुळ्याला नेऊन पहिली शस्त्रक्रिया करवली, ती नानांनीच. नाना पाटबंधारे खात्यात अभियंता होते. कालव्याला बारीकशी चीर पडली, तरी तिची नोंद केल्यावाचून पुढचे पाऊल टाकत नसत. भावाच्या बाबतीत मात्र त्यांनी ती शिस्त मोडली होती, आणि शस्त्रक्रिया करवल्याबद्दल गावाचे बोल निमूट ऐकले होते. आजही गप्प राहिले, तर भाऊ हातचा जाणार होता.

"शालिग्राम," ते म्हणाले, "धुळ्याले पोट उघडलं, तव्हाच आत रोगाचे मोहरीएवढे ठिपके व्हते. दिसले तेवढे डॉक्टरांनी काढले. बाहेर येऊन मले सांगतलं, की हा रोग फिरून येईन. तू खचशीन म्हनून मी तुले खोटं बोललो, की सारं निघालं."

सुनंदाबाई वळल्या. आज प्रथमच त्या जेठाकडे सरळ पाहत होत्या.

"अन् तव्हा कापलं नसतं तं?" शालिग्रामने विचारले.

"ती दिवाळी दिसली नसती."

शालिग्राम कोपरावर भार देऊन उठून बसला आणि त्याने हात पुढे केला.

"म्हंजे औंदा पोरीचं कन्यादान मी त्या लोखंडाच्याच जिवावर केलं," तो म्हणाला. "आना तो कागद."